अनुक्रमांक २३

डिसेंबरातला दुसरा शनिवार आहे. कोर्ट बंद, म्हणून वकिलांच्या ऑफिसात गर्दी. यवतमाळच्या दत्त चौकातून आत वळलं की एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. वर दहा बाय बाराची ही खोली. खिडकीत उन्हाळ्यापासून तसाच अडकवून ठेवलेला कूलर, कपाटाच्या दाराला कालनिर्णय, फळीवर लाल पाठीच्या पुस्तकांची रांग. टेबलाच्या अलीकडे एक म्हातारे शेतकरी कुबडी खुर्चीला टेकवून बसलेत. कळंब तालुक्यातून आलेत. सोबत पुतण्या, त्याच्या मांडीवर कृषी केंद्राची पिशवी. पलीकडे वकीलसाहेब, त्यांच्या डाव्या हाताला लॅपटॉप उघडून बसलेली ज्युनिअर, आणि दाराजवळ स्टुलावर मुन्शीजी. साहेबांचे वडील वकिली करायचे तेव्हापासून मुन्शीजी याच स्टुलावर आहेत असं सगळे सांगतात, आणि स्टुलाकडे पाहिलं तर ते पटतं.

मी खिडकीजवळच्या बाकावर. आज या ऑफिसात एआय कसं वापरतात ते पाहायला आलोय.

टेबलावर चौसष्ट पानांचा निवाडा पडलाय. कालव्यासाठी गेलेल्या शेतजमिनींचा. या जिल्ह्यातल्या वकिलाचं टेबल अशा कागदांपासून कधी मोकळं नसतं. पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा अशी धरणं आणि त्यांचे कालवे, वणीकडे कोळशाच्या खाणी, आणि आता वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे, जिचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. प्रत्येकाखाली कोणाचं तरी शेत गेलंय आणि प्रत्येक शेतामागे असाच एक जाडजूड निवाडा आहे.

"कागद तं आमच्यापाशी सारेच हायेत जी," काकाजी म्हणतात, "पन त्यातलं समजत काईच नाई."

साहेबांना आज संध्याकाळपर्यंत अशा चार पक्षकारांचे कागद बघायचे आहेत. सोमवारी दोन पेश्या आहेत. त्यांनी ज्युनिअरकडे पाहिलं आणि तिनं मान हलवली. निवाडा तिनं सकाळीच मोबाइलनं पानागणिक स्कॅन करून ठेवलाय. सरकारी फाइलमधला मजकूर सरळ उचलता येत नाही, तो युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टात टाइप केलेला आहे. कॉपी करून चिकटवला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. म्हणून फोटो. यंत्र आता फोटोतली मराठीही वाचतं, बऱ्यापैकी.

ती मला दाखवायचं म्हणून आधी साधं वाक्य टाइप करते: या निवाड्याचा सारांश द्या.

मुन्शीजी तंबाखू मळायला घेतात. तंबाखू मळून व्हायच्या आत पडद्यावर उत्तर आलेलं असतं. देखणं उत्तर आहे, हे कबूल करायला हवं. पाच मुद्दे, शुद्ध मराठी, ठळक मथळे. कालव्यासाठी अमुक गावातली अमुक हेक्टर जमीन संपादित. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य ठरवलं. विहिरी आणि झाडांचा मोबदला स्वतंत्र दिला. शंभर टक्के दिलासा रक्कम दिली. निवाड्याची तारीख ३१ जुलै. वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करायला सहा महिने, म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत मुदत.

पुतण्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. "म्हंजे अजून दीड महिना हाय आपल्यापाशी."

साहेब चष्मा कपाळावर सरकवतात. "हे सहा महिने कुठल्या पानावर आहेत बेटा?"

ज्युनिअर शोधते. निवाड्यात मुदतीबद्दल अक्षरही नाही. यंत्रानं ते स्वतःच्या आठवणीतून जोडलंय, आणि आठवणही अर्धीच आहे. कायद्याच्या ६४ व्या कलमात तीन मुदती आहेत. निवाडा झाला तेव्हा माणूस किंवा त्याचा वकील हजर असेल, तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसेल, तर कलेक्टरची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. हा "आधी संपेल ती" एवढा तुकडा गाळला की सारांश छान वाटतो आणि माणसाचं शेत दुसऱ्यांदा जातं.

दुसरी गोष्ट साहेब बोलत नाहीत, नुसतं बोट ठेवतात: विहिरी आणि झाडांचा मोबदला स्वतंत्र दिला. कोणाच्या विहिरी? निवाड्यात शंभरावर खातेदार आहेत. सगळ्या निवाड्याबद्दल हे वाक्य खरं आहे. समोर बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल ते खरं आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि त्याला फक्त तेवढंच हवंय.

एआय म्हटलं की कोणी एकदम भारावतं, नाहीतर एकदम नाक मुरडतं. या खोलीत दोन्ही होत नाही याचं मला बरं वाटतं. साहेब नागपूर खंडपीठात जाऊन-येऊन असतात, त्यांना हा सगळा प्रवास ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' आणलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये 'सुपेस' आणलं, तेही न्यायाधीशांपुढच्या कागदांच्या ढिगाऱ्यातून कामाची तथ्यं वेचून देण्यासाठीच. दोन्ही वेळा सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे, आणि यंत्र निर्णयात शिरणार नाही हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. "आमच्या बोबडेसाहेबांनी" असा साहेबांचा उच्चार आहे, त्यात विदर्भाचा थोडा ताठा आहे. मग ते दुसरी बाजू सांगतात. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्यानं ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. "आपल्याकडे तो अधिकारी कोणी व्हायचं नाही," साहेब ज्युनिअरला म्हणतात. ती हसते. तिनं हे आधी ऐकलेलं दिसतंय.

आता ती फोन काढते. व्हॉट्सअ‍ॅपवर तिनं स्वतःलाच पाठवून ठेवलेला एक लांब मेसेज आहे. हाच या ऑफिसचा प्रॉम्प्ट. तो कसा तयार झाला हे ती सांगते तेव्हा मुन्शीजी कौतुकानं छताकडे बघतात. इंटरनेटवर अशा तयार प्रॉम्प्टच्या याद्या ढिगानं मिळतात. तिनं त्यांतले बरेच वापरून पाहिले. सगळ्यांतून तेच देखणे पाच मुद्दे निघायचे. शेवटी एका दुपारी तिनं मुन्शीजींना विचारलं, निवाडा हातात आला की तुम्ही आधी काय बघता?

"शेवटचं पान आधी, मॅडम," ते म्हणाले होते. आत्ताही तेच म्हणतात. "तारीख आणि सही. मग मधातला तक्ता. तक्त्यात आपल्या मानसाची ओळ. त्या ओळीत विहीर, झाडं, पाइपलाइन, कोठा. मग कोरडवाहू धरली का ओलिताची. मग हरकती. पहिली दहा पानं वाचूच नका, ती साऱ्या निवाड्यांत सारखीच असते."

ते बोलत गेले, ती लिहीत गेली. तेच आता ती यंत्रापुढे चिकटवते. मी वाकून वाचतो.

"तू जमिनीच्या मोबदल्याच्या कामात वकिलाला मदत करतो आहेस. वाचणाऱ्याला ठरवायचं आहे ते एवढंच: अनुक्रमांक २३ च्या खातेदारानं वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करावा का, आणि कशाकशासाठी. आधी शेवटच्या पानावरची तारीख आणि सही करणाऱ्याचं पदनाम लिही. मग तक्त्यातली अनुक्रमांक २३ ची ओळ जशीच्या तशी उतरव. आकडा गोल करू नकोस, हेक्टरचे एकर करू नकोस, 'निरंक' असेल तिथे 'निरंक'च लिही. जमीन कोरडवाहू धरली की ओलिताची, दर कुठल्या खरेदीखतांवरून काढला, भोगवटदार वर्ग एक की दोन, निवाड्याच्या वेळी हा खातेदार हजर होता का, हरकत घेतली का आणि तिचं काय झालं, ते सांग. प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक दे. जे कागदात नाही तिथे 'कागदात नाही' असं लिही. कागदाबाहेरचा कायदा सांगू नकोस. शेवटी, जी पानं नीट वाचता आली नाहीत ती कळव."

यात हुशारीचं असं काहीच नाही. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी बसवून सांगावं तसं सांगितलंय. फरक इतकाच की नवा कारकून दोन वर्षांत हे न सांगता शिकतो, आणि यंत्राला ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

या वेळी उत्तर देखणं नाही. तुटक ओळी, पुढे पान क्रमांक. ज्युनिअर मोठ्यानं वाचते. तारीख ३१ जुलै, पान ६६. क्षेत्र ०.८९ हेक्टर आर, पान ४३. भोगवटदार वर्ग एक, पान ४३. विहीर: निरंक, पान ४३. झाडे: आंबा २, बाभूळ ५. जमीन कोरडवाहू धरली, पान ३१. हजेरीची नोंद: कागदात नाही. हरकत: कागदात नाही. पान १७ आणि ५२ अस्पष्ट.

"थांबा," मुन्शीजी स्टुलावरून उठतात. "झिरो पॉइंट एकोणनव्वद कसं येईन? काकाजी, किती एकर गेलं तुमचं?"

"दोन."

"मंग ०.८१ पाहिजे. दोन एकर म्हंजे ०.८१, चार म्हंजे १.६२, पाच म्हंजे २.०२. हे पाढे हायेत आमचे."

पान ४३ काढतात. तिथे हा तक्ताच नाही. स्कॅनच्या सुरुवातीला झेरॉक्सवाल्याची दोन कोरी मुखपृष्ठं लागलीत, म्हणून यंत्राचं ४३ म्हणजे निवाड्याचं छापील ४१. हे ज्युनिअरच्या लगेच लक्षात येतं, तिला सवय आहे. ४१ व्या पानावर तेविसाव्या ओळीत आकडा आहे ०.८१, पण एकाच्या डोक्यावर झेरॉक्सची काळी रेघ आलीय आणि मराठी एक आणि नऊ यांच्यात तेवढंच अंतर असतं. फरक आठ आरचा, म्हणजे जवळपास आठ गुंठ्यांचा. अर्जात ते तसंच गेलं असतं तर पुढच्या बाजूच्या वकिलानं पहिल्याच पेशीला अर्जदार खोटा ठरवला असता.

पान क्रमांक मागून घेण्याचा फायदा हाच. यंत्र चुकणार हे गृहीत धरलं की प्रश्न उरतो तो चूक पकडायला किती वेळ लागतो याचा. देखण्या पाच मुद्द्यांतली चूक पकडायला चौसष्ट पानं वाचावी लागली असती. ही चूक पकडायला एक पान उलटावं लागलं, आणि मुन्शीजींचे पाढे.

साहेबांचं लक्ष मात्र विहिरीवर आहे.

"काकाजी, शेतात विहीर आहे ना तुमच्या?"

"हाय ना जी! बाबानं खोदली, मी बांधली. उन्हाळ्यातबी पानी राह्यते तिले. गहू घेतो, हरबरा घेतो. हे असं निरंक म्हंजे काय?"

"निरंक म्हणजे नाही."

म्हातारा काही क्षण बोलत नाही. मग पुतण्याकडे बघतो. "मोजनीले आलते तवा दाखोली होती ना रे विहीर?"

साहेब आता जलद झालेत. बस्त्यातून सातबारा काढतात. सातबारावर विहिरीची नोंद आहे. म्हणजे विहिरीचा मोबदला सुटला, आणि विहीर नाही म्हणून ओलिताचं शेत कोरडवाहू धरलं गेलं, म्हणून दरही पडला. दर पडला की सगळंच पडतं. कायद्याप्रमाणे मोबदल्याच्या रकमेइतकीच दिलासा रक्कम मिळते, वर बाजारमूल्यावर अधिसूचनेच्या तारखेपासून वर्षाला १२ टक्के. एका 'निरंक'नं किती ठिकाणी कात्री लागते याचा हिशेब ते कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं करतात. दर ज्या खरेदीखतांवरून काढला तीही कोरडवाहू शेतांचीच असणार, असा त्यांचा अंदाज आहे; ती यादी पान ५२ वर आहे आणि पान ५२ यंत्राला वाचता आलेलं नाही. ते साहेब स्वतः भिंगानं वाचायला घेतात.

दरम्यान प्रश्न मुदतीचा. "नोटीस कधी मिळाली काकाजी?"

नोटीस बस्त्यात आहे, पण तिच्यावर मिळाल्याची तारीख नाही. पोचपावती सरकारकडे. यंत्राला विचारून उपयोग नाही, ते प्रामाणिकपणे 'कागदात नाही' म्हणेल.

काकाजी आठवतात. "तान्ह्या पोयाच्या दिवशी. कोतवालानं घरी आनून देली. पोट्टे लाकडाचे बैल घिऊन बोजारा मांगत फिरत होते, त्याइलेच वाटे लावत होतो मी."

मुन्शीजी कालनिर्णयाची पानं मागे उलटतात. पोळा २२ ऑगस्टला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. २३ ऑगस्टपासून सहा आठवडे म्हणजे ४ ऑक्टोबर. आज १३ डिसेंबर.

खोलीतला आवाज एकदम उतरतो. पुतण्यानं मघाशी मोजलेला दीड महिना आता टेबलावर राहिलेला नाही.

"घाबरू नका," साहेब म्हणतात. कलमाच्या शेवटी आणखी एक तरतूद आहे: मुदतीत अर्ज न करायला पुरेसं कारण होतं असं कलेक्टरला पटलं, तर पुढे एक वर्षापर्यंत अर्ज घेता येतो. "कारण काय सांगायचं? पोळ्यानंतर काय करत होता तुम्ही?"

काकाजी कुबडीकडे बोट दाखवतात.

पुतण्या फोनमध्ये फोटो शोधतो. सप्टेंबरात काका बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, सावंगीला भरती केलं. यवतमाळचा माणूस मोठ्या दुखण्याला नागपूर नाहीतर वर्ध्याजवळचं सावंगी गाठतो, त्यामुळे या ऑफिसला तिथलं डिस्चार्ज कार्ड ओळखीचं आहे. तीन पानं, सगळं इंग्रजी, अर्धं आद्याक्षरांत.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम टिपून ठेवतो. निवाडा ज्युनिअरनं जसाच्या तसा यंत्राला दिला होता. तो सरकारी, जाहीर कागद आहे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो ती तसा देत नाही. नाव, आधार क्रमांक, पत्ता, रुग्ण क्रमांक यांवर फोटोतच काळ्या पट्ट्या ओढते. साहेबांचा दंडक आहे. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं गुपित राखायचं हे नव्या साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमात लिहिलंय, आधी जुन्या कायद्याच्या १२६ मध्ये होतं. गावाकडच्या माणसाचे कागद कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात जाऊन पडतील हे या खोलीत कोणालाच सांगता येणार नाही, तेव्हा झाकायचं ते आधी झाकायचं.

तिनं पहिल्यांदा सवयीनं नुसतंच विचारलंय, आणि उत्तर डॉक्टरला आवडेल असं आलंय: शस्त्रक्रियेचा प्रकार, रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन, टाके काढायची तारीख. उत्तर बरोबर आहे. फक्त ते चुकीच्या माणसासाठी लिहिलेलं आहे. ती जीभ चावते आणि पुन्हा लिहिते: औषधं नकोत. हा रुग्ण सरकारी कार्यालयात जाऊ शकत नव्हता का, हे ठरवायचं आहे. भरती कधी, सुट्टी कधी, चालण्या-फिरण्यावर काय आणि किती काळ बंदी, फेरतपासणी कधी. तेवढंच, मूळ इंग्रजी शब्दांसकट.

आता तिसऱ्या पानाच्या तळातली ओळ वर येते, जी मघाच्या सारांशात नव्हतीच. भरती ३ सप्टेंबर, सुट्टी १७ सप्टेंबर, त्यानंतर 'नॉन वेट बेअरिंग' सहा आठवडे. त्या पायावर भार द्यायचा नाही. १७ सप्टेंबरपासून सहा आठवडे म्हणजे २९ ऑक्टोबर.

साहेब तारखा एकाखाली एक लिहितात. ४ ऑक्टोबर या दोन तारखांच्या मध्ये पडते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येतं. पण मुन्शीजींच्या नाही. "आनि २९ ऑक्टोबरपासून आजपर्यंत?"

"कापूस," काकाजी म्हणतात. साधं, एका शब्दात. "मजूर भेटत नाई जी. हा पोट्टा एकटाच. घरात कापूस आला नाई तं दवाखान्याचं देनं कसं फेडाव?"

साहेब पेन्सिल खाली ठेवतात. हे पुरेसं कारण आहे का, यावर ते आणि ज्युनिअर बराच वेळ बोलतात. ती म्हणते, लिहू नये, उलट वापरतील: वेचणीवर देखरेख करता येते तर अर्ज का करता येत नाही? साहेब म्हणतात, खरं आहे ते लिहावं, फेरतपासणीची चिठ्ठी जोडावी, कुबडी अजून सुटलेली नाही हे सांगावं. मुन्शीजी विचारतात, फेरतपासणीला गेले होते का? पुतण्या मान हलवतो. गेले होते, चिठ्ठी घरी आहे, बहुतेक. यंत्राकडे या काळात कोणी बघत नाही. पडदा आपोआप काळा पडतो.

साहेब अर्जाचा मसुदा तोंडी सांगू लागतात तसा पुतण्या ज्युनिअरच्या शेजारी सरकतो. त्याच्या डोक्यात वेगळंच आलंय. पिशवीतून तो औषधाचा डबा काढतो, हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं. डब्यासोबत घडी घातलेलं माहितीपत्रक, मुंगीच्या अक्षरातलं, पाच-सहा भाषांत. "मॅडम, याचं होते का असं?"

ती त्याच्याच फोनवर फोटो काढायला लावते. तो टाइप करतो: थोडक्यात सांग. उत्तर येतं: पीक हरभरा, कीड घाटेअळी, प्रमाण इतकं, पाणी इतकं. त्याला पटतं. तो फोन खिशात घालणार तेवढ्यात मुन्शीजी लांबूनच म्हणतात, "सतरा साल विसरला का बे?"

२०१७ विसरणारा माणूस या जिल्ह्यात नाही. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात गेले. शेकडोंना वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणलं होतं. माणसाच्या उंचीवर गेलेली कपाशी, दोन-दोन औषधांची मिश्रणं, अंगावर साधा सदरा. माहितीपत्रकं तेव्हाही डब्यासोबत होतीच. डब्यावर तर चौकोनाच्या खालच्या अर्ध्यात रंगही असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, अति विषारीपासून कमी विषारीपर्यंत. चौसष्ट पानांचा निवाडा एका रंगात आणावा तसला तो गोषवारा कायद्यानंच करून ठेवलेला आहे. पण दोन डबे एका पंपात ओतले की रंगाला त्याबद्दल सांगता येत नाही.

ज्युनिअर त्याला वाक्य सांगते आणि तो टाइप करतो: मी स्वतः फवारणार आहे. अंगावर काय घालू, वाऱ्याबद्दल आणि दुसऱ्या औषधात मिसळण्याबद्दल काय लिहिलंय, विषबाधेची लक्षणं कोणती, डॉक्टरला काय सांगायचं, फवारणीनंतर काढणी किती दिवसांनी. पत्रकात नसेल तर नाही म्हण.

उत्तर पहिल्याच्या चौपट लांब येतं. तो ते वाचतो, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मिसळण्याबद्दलच्या ओळीवर थांबतो. पिशवीत दुसरीही एक बाटली आहे, ती तो बाहेर काढत नाही, पण हात तिच्यावर जातो. "दुकानदारानं तं दोन्ही संगंच मारा म्हटलं," तो हळूच म्हणतो.

"त्यालाच विचार जाऊन, कुठं लिहिलंय," मुन्शीजी म्हणतात. "पान क्रमांक माग."

एवढ्यात मसुदा तयार होतो. दोन पानी. साहेबांनी तोंडी सांगितलेला, ज्युनिअरनं टाइप केलेला. यात यंत्राचं एकही वाक्य नाही, हे तिनं मला न विचारता सांगितलं. विलंब माफीचा अर्ज वेगळा, त्याला प्रतिज्ञापत्र. पान ५२ वरची खरेदीखतं साहेबांनी भिंगाखाली वाचून संपवलीत: सगळी कोरडवाहू शेतांची, अंदाज खरा निघाला. मुन्शीजी काकाजींना काय काय आणायचं ते बोटांवर मोजून सांगतात. सावंगीच्या कार्डाची मूळ प्रत, फोटो नाही. फेरतपासणीची चिठ्ठी. विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल, जितकं जुनं सापडेल तितकं. शेजारच्या दोन खातेदारांची नावं, जे विहीर होती म्हणून सांगतील. तलाठ्याकडून ताजा सातबारा. मंगळवारच्या आत.

काकाजी कुबडी काखेत घेतात, उठतात, आणि दारापर्यंत जाऊन परत वळतात. "साहेब, एक इचारू? मशीनच वाचते आता सारं. तं फी अर्दी होईन का जी?"

ज्युनिअर तोंड दाबून हसते. साहेब काही बोलायच्या आधीच मुन्शीजींनी पावतीपुस्तक उघडलेलं असतं.

"मशीनचं महिन्याचं बिल येते काकाजी," ते म्हणतात. "ते तुमच्यात लावलं नाई, हेच समजा. अॅडव्हान्स किती लिहू?"